ठिपका भरून यायला लागणारा वेळ

बारकीचा पाय ब्रेकवरून दुसऱ्यांदा घसरला, तेव्हा तिची बस थांब्याच्या कठड्याला घासत जाऊन उभी राहिली. कुणाला लागलं नाही. एका म्हातारबाबांची पिशवी तेवढी सांडली आणि बारकीने स्वतः खाली उतरून त्यांचे कांदे गोळा करून दिले. पण पहिली वेळ होऊन पुरते आठ महिने झाले नव्हते, आणि डेपोत लोकांना बोलायला तेवढं पुरलं.

बारकी म्हणजे चांगली उंचीपुरी, रुंद खांद्यांची, एकेचाळीस वर्षांची बाई. लहानपणी घरात सगळ्यांत धाकटी म्हणून पडलेलं नाव तिला आता अजिबात शोभत नव्हतं, आणि डेपोतले लोक त्यावरून तिची थट्टा करायचे. आता मात्र थट्टा थांबली होती, हेच तिला जास्त लागत होतं. रक्त तपासलं, ठीक. नसा तपासल्या, ठीक. मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून, कापून, रंगवून पाहिला, तोही ठीक. डेपोच्या डॉक्टरांनी लिहून दिलं: शारीरिक दोष आढळला नाही. त्याचा सरळ अर्थ असा, की एकतर ही बाई कामचुकार आहे, नाहीतर हिच्या डोक्यात काहीतरी आहे. गुरुवारी तीन डॉक्टरांच्या मंडळापुढे तिची सुनावणी ठरली.

"ताई, तूच सांग," ती थोरल्या बहिणीला म्हणाली, "मी मुद्दाम पाय सोडीन? चाळीस माणसं मागे बसलेली असताना?"

ताई तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. घरातच नव्हे, प्रयोगशाळेतही तिला सगळे ताईच म्हणत. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर तिचं काम चाले, आणि ते काय असतं हे बारकीने कधी नीट विचारलं नव्हतं. जिवंत स्नायूच्या पेशीत रेणू किती वेगाने पसरतात, ते ताई मोजायची. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा ते बहिणीला समजावून सांगितलं.

"तुझा तुकडा तपासला तो मेलेला होता. मेलेल्या तुकड्यात सगळं जागच्या जागी दिसतं. पण आतला माल हलतो का, ते दिसत नाही. समज, डेपोत बसेस तयार आहेत, थांब्यावर माणसं उभी आहेत, आणि मधला रस्ता तुंबलाय. फोटो काढला तर डेपोही छान दिसेल आणि थांबाही."

"आणि माणसं शिव्या मला घालतील," बारकी म्हणाली.

"तेच म्हणते मी. स्नायूला लागणारी ताकद एका जागी तयार होते आणि दुसऱ्या जागी खर्ची पडते. मधे रेणूंनाच जावं लागतं. तो रस्ता तुंबलाय का, ते मला मोजता येतं."

मोजायची रीत सांगायला सोपी होती, करायला महाकठीण. केसाएवढ्या बारीक जिवंत तंतूत चमकणारे रेणू सोडायचे. सूक्ष्मदर्शकाखाली तो तंतू हिरवा उजळतो. मग लेझरचा एक झोत एका ठिपक्यावर मारायचा, की तेवढ्या जागची चमक विझते आणि तिथे काळा डाग पडतो. आजूबाजूचे चमकते रेणू हळूहळू त्या डागात शिरतात आणि तो पुन्हा भरून येतो. अर्धा भरायला किती वेळ लागला, एवढंच मोजायचं. निरोगी माणसात दीड सेकंद. अकरा वर्षांत ताईने चाळीसेक निरोगी माणसांचे तंतू मोजले होते, आणि आकडा दीडच्या फारसा इकडेतिकडे कधी गेला नव्हता.

प्रयोगशाळेच्या सरांनी आधी साफ नकार दिला. सर बासष्ट वर्षांचे, हाडाचे शास्त्रज्ञ, आणि शंका काढण्यात पटाईत.

"सख्ख्या बहिणीचं मोजमाप तुम्ही करणार? उद्या कुणीही म्हणेल, ताईंनी हवा तसा आकडा काढला."

"मग मला कळूच देऊ नका कुठला तुकडा कुणाचा ते."

त्यावर सर विचारात पडले. शेवटी ठरलं ते असं: त्याच दिवशी, तसल्याच सुईने, एका निरोगी बाईच्या मांडीचाही तुकडा घ्यायचा. दोन कुप्या, त्यांवर फक्त 'एक' आणि 'दोन'. कुठली कुणाची ते स्नायूंच्या डॉक्टरीणबाई पाकिटात बंद करून आपल्यापाशी ठेवतील. निरोगी बाईही मिळाली. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया बुधवारी व्हायची होती, आणि तिने आनंदाने होकार दिला होता.

बुधवारी सकाळी साडेआठला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गुडघ्याच्या बाईला ताप भरला होता आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती.

"पुढच्या आठवड्यात करू," बाई म्हणाल्या.

"मंडळ उद्या आहे."

"मला माहितेय हो. पण तुलनेला कुणी नसेल, तर तुमच्या आकड्याला कोण विचारणार?"

 ताई म्हणाली, "माझा घ्या."

"तुम्ही तिची बहीण आहात!"

"बहीण असले तरी ठणठणीत आहे. अकरा वर्षांत आजारपणाची रजा नाही माझी."

बाईंना ते पटलं नव्हतं. सरांना तर मुळीच नव्हतं. पण दुसरं कुणी एवढ्यात मिळणं शक्य नव्हतं, आणि सरांनी नाक मुरडत सही केली. "तुलना घरातल्याच माणसाशी आहे, हे कागदावर पहिल्या ओळीत लिहा," असं मात्र त्यांनी बजावलं.

शेजारीशेजारी दोन खाटांवर बहिणी झोपल्या. जागा बधिर केली, सुई आत गेली, बाहेर आली, तिच्या पोकळीत अर्ध्या वाटाण्याएवढा तुकडा. दुखलं नाही, पण आतून कुणीतरी ओढल्यासारखं वाटलं. बारकी छताकडे बघत म्हणाली, "निदान आज तरी तू आणि मी एका रांगेत. नाहीतर शाळेपासून तू पुढे, मी मागे."

"गप्प पड, पाय हलवू नकोस."

दहा वाजता दोन्ही कुप्या ताईच्या टेबलावर आल्या. मांडीला पट्टी बांधून, लंगडत ती यंत्रापाशी पोचली. तुकड्यातून तंतू सुटे करायला दीड तास लागतो. कोमट द्रावणात ते हळूहळू एकमेकांपासून अलग होतात. सुटे झाले की चार-साडेचार तास जगतात, मग एकेक करून आखडतात, वेटोळं होतं आणि संपतात. म्हणजे साडेअकरा ते चार. त्यानंतर मोजायला काही उरणार नव्हतं.

एक नियम ताईने पहिल्या दिवसापासून पाळला होता. आधी तंतूला विजेचा हलकासा झटका द्यायचा. तो टचकन आखडून पुन्हा सैल झाला, तर जिवंत. नाही झाला, तर टाकून द्यायचा. आणि हे आकडा बघण्याच्या आधी ठरवायचं. एकदा आकडा दिसला, की तो आवडो न आवडो, तंतू टाकता येत नाही.

पहिल्या कुपीतला पहिला तंतू टचकन हलला. तिने झोत मारला. काळा डाग पडला. ती बघत राहिली. एक सेकंद. दोन. डाग अजून काळाच. तीन. कडा फिकट होऊ लागल्या. तीन पूर्णांक नऊ.

 दुसरा तंतू: चार पूर्णांक एक. तिसरा: तीन पूर्णांक आठ. आठ तंतू झाले आणि एकही साडेतीनच्या खाली आला नाही. ही बारकीचीच कुपी. पाकीट उघडायची गरजच नव्हती. रस्ता तुंबला होता, खरंच तुंबला होता, आणि तिची बहीण खोटं बोलत नव्हती. ताईला आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाची लाज वाटली. सख्ख्या बहिणीचा रोग सापडला म्हणून कुणी हसतं का?

फोन वाजला. खालच्या मजल्यावरून बारकी होती. "काय गं? काही दिसतंय?"

"दुसरी कुपी व्हायची आहे. तोवर एक अक्षर बोलणार नाही."

"तुझ्या आवाजावरून तर—"

"ठेव फोन."

दीड वाजता तिने दुसरी कुपी घेतली. आता दीड सेकंद येईल, कागदावर दोन रांगा शेजारीशेजारी दिसतील, आणि उद्या मंडळापुढे कुणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही. तंतू झटक्याने हलला. झोत मारला. डाग पडला.

एक. दोन. तीन.

चार पूर्णांक शून्य.

तिला वाटलं, तंतूच खराब असेल. पण तो हलला होता, नियमाने तो टाकता येत नव्हता. दुसरा घेतला: चार पूर्णांक दोन. तिसरा: तीन पूर्णांक नऊ.  दोन्ही कुप्या सारख्याच. म्हणजे यंत्रच बिघडलं होतं. म्हणजे सकाळपासूनचा एकही आकडा खरा नव्हता, आणि बारकीच्या हातात उद्या द्यायला काहीही उरलं नव्हतं.

सर आत आले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "यंत्र. बहुतेक तंतूखालचं पाणी गार पडलंय. गार असलं की सगळंच मंद होतं. रद्द करा, ताई. 'यंत्रात बिघाड' असं लिहा."

"आधी तपासते."

"वेळ कुठे आहे?"

"लिहून टाकायला तरी वेळ कुठे आहे?" ती असं सरांना कधी बोलली नव्हती. सरही चमकले, पण त्यांनी स्टूल ओढलं.

दोघांनी मिळून तपासलं. वेगळा तापमापक लावला, पाणी हवं तेवढंच ऊन होतं. साध्या पाण्यात रंग टाकून मोजलं. त्याचा आकडा पाठ होता, आणि तोच आला. मग मधासारख्या दाट द्रावणात मोजलं. तिथेही बरोबर. दोनला पाच कमी होते.

"यंत्र बरोबर आहे," ताई म्हणाली. 

"पाण्यात बरोबर आहे," सर म्हणाले. "पाणी म्हणजे स्नायू नव्हे. निरोगी माणसाचा जिवंत तंतू आज, याच यंत्रावर, या दोन्हींच्या शेजारी मोजला, तरच मी मानीन. आणि तो आता आणायचा कुठून?"

 ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आत्ता कुणी सापडलं, लगेच तुकडा काढला, तरी पुढे दीड तास. पावणेचारच्या आधी काही हाताशी लागणार नव्हतं. आणि चारला या कुप्या संपणार होत्या.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळूच म्हणाले, "माझ्या आईवडिलांकडे कुणाला स्नायूंचा त्रास नाही. मी अजून चार मजले चढतो."

ताईला आधी कळेना. लस टोचून घेतानाही सर डोळे मिटून दुसरीकडे तोंड फिरवत, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

"सर, सुई जाडजूड असते."

"मोठं वर्णन करू नका. डॉक्टरीणबाईंना फोन लावा, नाहीतर मी विचार बदलीन."

दोन वाजून दहा मिनिटांनी सरांचा तुकडा निघाला. ते खाटेवर पांढरेफटक पडले होते आणि बाईंनी त्यांना साखरपाणी पाजलं, असं नंतर कळलं. ताई मात्र जागची हलली नाही. एका बाजूला सरांचा तुकडा द्रावणात सुटा होत होता, दुसऱ्या बाजूला पहिल्या दोन कुप्यांतले तंतू एकामागून एक मरत होते. ती दर दहा मिनिटांनी झटका देऊन बघे. तीन वाजता पहिल्या कुपीत सहा जिवंत होते. साडेतीनला तीन. पावणेचारला दोन. दुसऱ्या कुपीत चार.

बधिर करायच्या औषधाचा अंमल उतरला होता आणि मांडी ठणकत होती. यंत्रापाशी उचलून धरलेले हात जड झाले होते. हे तिचं रोजचंच होतं; केस विंचरतानाही तिला मधे हात खाली घ्यावे लागत. तिने ते वयावर टाकलं होतं. आत्ता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिने ते वयावर टाकलं नाही. तो विचार तिच्या मनात शिरला आणि तिने तो दोन्ही हातांनी बाहेर ढकलला. आधी आकडा. मग काय ते.

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी सरांचे तंतू तयार झाले. पहिल्याला झटका दिला. हलला नाही. टाकला. दुसराही नाही. तिसऱ्याचं तर वेटोळंच झालं होतं. दारातून लंगडत सर आत आले, त्यांनी ते पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

चौथा टचकन हलला.

झोत. डाग. एक... आणि डाग बघता बघता पुसला गेला. एक पूर्णांक सहा.

ताईने लगेच काचपट्टी बदलली. दुसरी कुपी. हलला. चार पूर्णांक एक. पहिली कुपी. दोनपैकी एक आखडलेला. दुसरा, अगदी जेमतेम, पण हलला. तीन पूर्णांक नऊ. परत सरांचा. एक पूर्णांक पाच. चार वाजून तीन मिनिटांनी तिने पहिल्या कुपीला शेवटचा झटका दिला, आणि तिथे काहीही हललं नाही.

 मग सर म्हणाले, "यंत्र बरोबर आहे."

"हो."

"बसा आता तुम्ही." त्यांनी स्वतःचं स्टूल तिच्याकडे सरकवलं. "दोन कुप्या. दोन्ही सारख्या. ताई, पाकीट कुणी उघडलं नाही तरी..."

"कळलं मला," ती म्हणाली, आणि बसली. 

संध्याकाळी बारकीला सांगायला ती स्वतः गेली. बारकीने सगळं ऐकून घेतलं. आधी तिचा चेहरा उजळला, मग हळूहळू उतरला.

"म्हणजे तुझ्यातही हा दोष आहे."

"आहे. तुझ्याएवढाच."

"मग तुझा पाय का नाही घसरत?"

"मी दिवसभर खुर्चीवर असते. दोन मजले असले तरी लिफ्ट घेते. गेली सहा वर्षं. मला वाटायचं, मी आळशी झालेय."

बारकीने तिच्याकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. "मला एकटीला असता तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली. "मी नुसतं म्हणत होते, कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवा. हे नव्हतं मागितलं."

"येडी आहेस," ताई म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळापुढे डॉक्टरीणबाई बोलल्या. सरही आले होते, काठी टेकत. त्यांनी सरळ सांगितलं, की या दोषाला अजून नाव नाही, दोन बहिणींवरून फार काही म्हणता येत नाही, पण आकडे खरे आहेत आणि मी त्यांच्यासाठी मांडी दिली आहे. मंडळातला एकजण हसला. दोन तासांनी निर्णय आला: चालकाची चूक नाही, कामचुकारपणा नाही. पण गाडी चालवणं बंद. नव्या चालकांना शिकवायचं काम तिला मिळालं. बारकीने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "जिंकले, आणि बसही गेली." आठवडाभर ती कुणाशी धड बोलली नाही.

मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी दोघींना बोलावलं. दोन्ही बहिणींत आहे, म्हणजे कुठूनतरी आलंय. घरात आणखी कुणी असं दमायचं का? जिन्यावर थांबायचं, मधेच बसायचं?

दोघी बहिणींनी एकाच वेळी एकमेकींकडे पाहिलं.

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, वेगळ्याच आजाराने. पण आई जिन्यात मधे बसायची. पाण्याची बादली दोन पायऱ्या, मग टेकायची, मग दोन पायऱ्या. पीठ मळताना मधेच हात सोडून द्यायची. आणि अप्पा, त्यांचे वडील, रस्त्यात वीस पावलं पुढे जाऊन मागे वळून हाक मारायचे, "आल्या का महाराणी?" आत्या हसायच्या, शेजारी हसायचे. मुलीही हसायच्या. आई पण हसायची.

रविवारी त्या अप्पांकडे गेल्या. अप्पा ऐंशीचे, अजून ताठ. ताई कसं सांगावं याचा विचार करत राहिली, आणि बारकीने सांगून टाकलं. बारकीचं बोलणं तसंच होतं, आडपडदा नाही.

अप्पा ऐकत होते. हातातला कप त्यांनी खाली ठेवला.

"दुखायचं का तिला?" त्यांनी विचारलं.

"दुखत नाही, अप्पा," ताई म्हणाली. "नुसती ताकद संपते. मन म्हणतं चल, पाय म्हणतो थांब."

"तेव्हा मोजता आलं असतं?"

"नाही. आम्ही लहान असताना असं यंत्र कुठे होतं?"

अप्पांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "मी तिला विचारलं नाही कधी," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. मला वाटायचं, मला माहितेय."

ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण वळूनही पाहिलं नाही. मग एकाएकी उठले, कपाटातून जुनी वही काढली आणि पानं उलटू लागले.

"तुमच्या मामाला फोन लावा. तुमच्या आईच्याच पाठचा आहे तो. त्याची नात पोहायच्या शर्यतीत उतरते म्हणे, मागच्या महिन्यात मधेच थांबली म्हणून तिचे शिक्षक ओरडले तिला. तो सांगत होता."

"उद्या लावते," ताई म्हणाली.

"आत्ता लाव," अप्पा म्हणाले, आणि चष्मा वर करून एकेक आकडा मोठ्याने वाचू लागले. बारकीने फोन घेतला. पलीकडे तीनदा वाजला आणि मामांचा आवाज आला.

"मामा, मी बारकी," ती म्हणाली. "घाबरू नका. पण तुमच्या नातीला एक विचारायचंय, आणि तिला म्हणावं, खरं ते सांग, कुणी रागावणार नाही."